ईएसपीचा दिवा आणि सी००४०: हा कोड वाचायचा कसा?

सांजवारा | ७ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गाडी २०१९ ची, पेट्रोल, ६८ हजार किलोमीटर झालेली. गेल्या रविवारी भंडारदऱ्याहून घोटीमार्गे नाशिकला परत येत होतो. पाऊस धो धो. एका वळणावर स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि मीटरवर एकदम दोन पिवळे दिवे लागले: एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), आणि ती घसरणारी गाडी, म्हणजे ईएसपीचा (घसरणारी गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा. जरा पुढे जाऊन थांबलो, गाडी बंद करून चालू केली, दिवे गेले. वाडीवऱ्हेच्या आसपास पुन्हा लागले ते लागलेच.

सोमवारी घराजवळच्या गॅरेजला नेली. "रिसेट करून बघू" म्हणून त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर अर्धा तास काढून ठेवली. फरक शून्य. मग सर्व्हिस सेंटर. तिथे स्कॅनर लावला आणि दहा मिनिटांत निकाल: एबीएसचं मोड्यूल (ती यंत्रणा चालवणारं कंट्रोल युनिट) गेलंय, अख्खं युनिट बदलावं लागेल, ५८ हजार, मजुरी वेगळी.

मी म्हटलं, स्कॅनरवर जे आलं त्याची प्रिंट द्या. बऱ्याच आढेवेढ्यांनंतर कागद मिळाला. त्यावर दोनच ओळी आहेत:

सी००४०-१३
सी००५१-५४

मला यातलं काही कळत नाही. या दोन ओळींवरून मोड्यूल गेलं हे खरंच ठरवता येतं का? आणि तोवर गाडी चालवावी का? आठ दिवसांनी आईला घेऊन सप्तशृंगीला जायचं आहे, घाट आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.

तिखटमीठ | ७ जुलै, रात्री १०.०५

कोडचं चांगलंच कोडं घातलंत! माझ्या धाकटीने त्या दिव्याला "नागमोडी गाडी" असं नाव ठेवलंय. आमच्याकडेही मागच्या पावसाळ्यात ती लागली होती, त्यामुळे उत्तरं वाचायला इथेच बसलोय.

मेघमल्हार३ | ७ जुलै, रात्री ११.३०

सांजवारा, कागद मागून घेतलात हे फार छान केलंत. निम्मं काम तिथेच झालं. मी चाकणला ब्रेकच्या चाचण्यांचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं अक्षर गाडीचा विभाग सांगतं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. सी म्हणजे चॅसी, त्यात ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आलं. बी म्हणजे बॉडी. यू म्हणजे गाडीतल्या कंट्रोल युनिटांचं आपसातलं बोलणं. अक्षरानंतरचा पहिला आकडा ० असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक. १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, आणि त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचा. सी१ ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ नेटवर दुसऱ्याच कंपनीच्या गाडीसाठी वाचून पार्ट मागवलेले लोक मी पाहिले आहेत.

सामाईक यादीत चाकांच्या स्पीड सेन्सरचे चार कोड असे आहेत: पुढचं डावं सी००३५, पुढचं उजवं सी००४०, मागचं डावं सी००४५, मागचं उजवं सी००५०. डावं-उजवं गाडीत समोर तोंड करून बसल्यावर. म्हणजे तुमची तक्रार तुमच्याच बाजूच्या पुढच्या चाकाची आहे. दुसऱ्या ओळीतला सी००५१ हा स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरचा.

आता डॅशनंतरचे दोन आकडे. हे बहुतेक जण वाचतच नाहीत आणि खरी गंमत तिथेच असते. दोष कोणत्या प्रकारचा ते हे आकडे सांगतात. ११ म्हणजे सर्किट अर्थला चिकटलंय. १२ म्हणजे बॅटरीच्या पॉझिटिव्हला चिकटलंय. १३ म्हणजे सर्किट तुटलंय, करंट पुढे जातच नाही. ५४ म्हणजे कॅलिब्रेशन झालेलं नाही.

तेव्हा तुमचा कागद असा वाचायचा: पुढच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट तुटलेलं दिसतंय, आणि स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरला सरळ म्हणजे कुठे ते माहीत नाही. मोड्यूल गेल्याचा उल्लेख यात कुठेही नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याची वायर, मधला कप्लर (वायरी जोडणारा प्लग) आणि मोड्यूलची पिन हे सगळं मिळून. कोड म्हणजे पोलीस ठाण्यात आलेली तक्रार. कुणाच्या अंगणात आरडाओरडा झाला ते त्यातून कळतं, चोर कोण ते शोधावं लागतं. मोड्यूलही त्या सर्किटात येतं, पण संशयितांच्या रांगेत ते शेवटी उभं असतं.

दुसरा कोड मला तर त्या अर्ध्या तासाची देणगी वाटतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की स्टिअरिंग सेन्सर आपला शून्य विसरतो. म्हणजे एक कोड आजाराचा आणि एक उपचाराचा.

वायरमन_जुना | ८ जुलै, सकाळी ७.१५

मेघमल्हार ताईंनी पुस्तकातलं नीट सांगितलं. मी हातातलं सांगतो. कोल्हापुरात उद्यमनगरला २८ वर्षं ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करतोय.

भावा, १३ नंबर आला की माझा हात पहिल्यांदा मोड्यूलकडं जात नाही, चाकाकडं जातो. सेन्सरची वायर चाकाबरोबर सारखी हलत असते. स्टिअरिंग फिरलं की वळते, खड्डा आला की ताणते. आतली तार तुटते आणि वरचं रबर शाबूत राहतं, बाहेरनं बघून काही कळत नाही. तुम्ही लिहिलंय, डावीकडं वळवलं आणि दिवा लागला. ते वाक्य माझ्यासाठी त्या कागदापेक्षा मोठं आहे.

कुणाकडूनही एवढं करून घ्या:

एक, स्कॅनरवर नुसते कोड बघू नका, लाइव्ह डेटा उघडायला सांगा. चारी चाकांचा स्पीड शेजारी शेजारी दिसतो. मोकळ्या जागेत वीसच्या स्पीडनं गाडी चालवा आणि हळूहळू दोन्हीकडं वळवा. एक चाक मधेच शून्यावर पडतंय का बघायचं.

दोन, चाक काढा, सेन्सरचा कप्लर सोडा, इग्निशन ऑन करा आणि बॉडीकडून येणाऱ्या कप्लरात डीसी व्होल्ट मोजा. सप्लाय येत असेल तर मोड्यूल आणि तिथपर्यंतची वायर जिवंत आहे. मग गुन्हेगार चाकाच्या बाजूला.

तीन, सेन्सरवर ओहमचा मीटर लावू देऊ नका. जुने सेन्सर नुसतं मॅग्नेट आणि कॉइल असायचे, त्यात हजार-दीड हजार ओहम दाखवायचं आणि काम झालं. आताच्या सेन्सरच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतंय. तो दोन वायरींवर चालतो आणि ७ न् १४ मिलिअँपिअरच्या पायऱ्यांनी सिग्नल देतो. ओहम मोजून त्याचं काही कळत नाही, उलट चांगला सेन्सर मरायचा.

चाकोरीबाहेर | ८ जुलै, सकाळी १०.२०

इतकं घाबरायचं कारण नाही. सांगलीत मी दीड वर्ष हाच दिवा लावून गाडी चालवतोय. ब्रेक लागतात, गाडी थांबते. सर्व्हिस सेंटरवाल्यांना दिवा म्हणजे धंदा. गाडी विकताना कोड पुसून टाकायचा, विषय संपला.

घाटमाथा | ८ जुलै, दुपारी १२.५०

चाकोरीबाहेर, तीव्र असहमत. आणि विकताना कोड पुसून टाकायचा हे तर कृपा करून करू नका. पुढे ती गाडी कुणाच्या तरी घरची माणसं घेऊन घाटातून जाणार आहे.

माझा अनुभव सांगतो. मागच्या ऑगस्टमध्ये आंबोली उतरत होतो. धुकं, वेग चाळीसच्या आत. एका डाव्या वळणावर डोंगरावरून लाल चिखल वाहून रस्त्यावर पसरला होता, तो मला दिसलाच नाही. गाडीचा मागचा भाग दरीच्या बाजूला सरकायला लागला. मी काही करायच्या आत मीटरवर तो दिवा तीन-चार वेळा लुकलुकला, पुढून घर्र घर्र आवाज आला आणि गाडी ओळीत आली. सगळं मिळून दोन सेकंद. बायकोला तर काही झालं हेच कळलं नाही. मी पुढच्या धाब्यावर थांबून अर्धा तास नुसता बसून होतो.

दिवा लुकलुकतोय म्हणजे यंत्रणा काम करतेय. सतत लागलेला आहे म्हणजे यंत्रणा रजेवर आहे. तुमचे साधे ब्रेक लागतात हे खरं. पण त्या वळणावर मला साध्या ब्रेकनी वाचवलं नसतं. मी तर ब्रेक दाबलाही नव्हता.

सांजवारा, आईला घेऊन घाट चढायच्या आधी हे काम करून घ्या.

निवृत्त_मास्तर | ८ जुलै, सायंकाळी ५.३०

मी १९८४ पासून गाडी चालवतो. प्रीमियर पद्मिनीत तेवीस वर्षं काढली. कुंभार्ली, वरंधा, खंबाटकी सगळं भर पावसात केलं. कोड नव्हता, दिवा नव्हता, मोड्यूल नव्हतं. बिघाड झाला तर बॉनेट उघडून डोळ्यांना दिसायचा. या नव्या यंत्रणांनी चालवणाऱ्याचं कसब घालवलं आणि खिसाही रिकामा केला असं माझं प्रामाणिक मत आहे. राग मानू नये.

मेघमल्हार३ | ८ जुलै, रात्री ९.१०

मास्तर काका, राग कसला. बिघाड दिसत नाही ही तुमची तक्रार रास्त आहे, आणि कोड वाचायला शिकायचं ते त्याचसाठी. पण कसबाबद्दल थोडं लिहिते.

ही यंत्रणा चार गोष्टी सतत मोजते: चारी चाकांचा वेग, स्टिअरिंग किती वळवलंय, गाडी स्वतःच्या उभ्या आसाभोवती किती फिरतेय आणि बाजूला किती ओढली जातेय. चालकाला कुठे जायचंय आणि गाडी खरंच कुठे चाललीय याची तुलना ती सेकंदाला २५ वेळा करते. वळणात गाडी न वळता सरळच निघाली तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक. मागचा भाग बाहेर फेकला जायला लागला, घाटमाथा यांचं झालं तसं, तर बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक. शिवाय इंजिनचा जोर कमी. माणसाच्या पायाखाली ब्रेकचं एकच पेडल असतं. एकट्या चाकाला ब्रेक लावणं कितीही कसलेल्या चालकाला शक्य नाही.

१९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने ही यंत्रणा एस-क्लासमध्ये आणली. तेव्हा ती श्रीमंतांची चैन होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने लहानग्या ए-क्लासची चाचणी घेतली. रस्त्यात अचानक मूस (तिकडचं अवाढव्य हरीण) आला तर चालक जसा झटक्यात चुकवेल तशी गाडी वळवायची होती. गाडी उलटली. त्यानंतर मर्सिडीजने सगळ्याच ए-क्लास गाड्यांत ईएसपी बसवलं, आणि छोट्या गाडीलाही ते हवं हे जगाला पटायला सुरुवात झाली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलांपासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून ते प्रत्येक नव्या कारमध्ये बंधनकारक आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप (गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी चाचणी) सुरू झालं, त्यात तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर ही यंत्रणा असावीच लागते.

नावांनी गोंधळू नका. ईएसपी, ईएससी, व्हीएससी, व्हीएसए, डीएससी ही एकाच गोष्टीची वेगवेगळ्या कंपन्यांनी ठेवलेली नावं.

निवृत्त_मास्तर | ८ जुलै, रात्री ९.४५

एका चाकाचा मुद्दा मान्य. हे मला ठाऊक नव्हतं. मूसची गोष्ट नातवाला सांगतो.

गुहागरची_लेक | ९ जुलै, सकाळी ८.००

आमच्याकडचं वेगळंच. खारं वारं. माझ्या गाडीला सी००३५ वर्षातून दोनदा यायचा. दोनदा सेन्सर बदलला, दोन-तीन महिने बरं जायचं, पुन्हा दिवा. तिसऱ्या वेळी चिपळूणच्या मिस्त्रींनी सेन्सर काढून त्याखालची जागा दाखवली. लोखंडावर गंजाचा जाड पापुद्रा आला होता आणि त्याने सेन्सर वर उचलला होता. सेन्सर आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या आतल्या दातांच्या रिंगमधलं अंतर ठरलेलं असतं, ते वाढलं की कमी वेगात सिग्नल हरवतो. त्यांनी ती जागा घासून लख्ख केली, पातळ ग्रीस लावलं आणि जुनाच सेन्सर परत बसवला. दोन वर्षं झाली, दिवा नाही. फेकून दिलेले दोन्ही सेन्सर चांगले होते.

अवांतर: उंदीर. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत एकाच रात्रीत सहा कोड आले होते. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली असेल तर कोड वाचायच्या आधी बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का बघा.

राईनकाठ | ९ जुलै, दुपारी ३.१५

गुहागरच्या ताईंचा अनुभव वाचून इथे जर्मनीत बसून मान डोलावली. आमच्याकडे समुद्र नाही, पण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. कोकणचा वारा जे करतो तेच ते मीठ करतं. गंजाने उचललेला सेन्सर हा इथल्या गॅरेजमधला रोजचा प्रकार आहे.

इथे दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी होते. ईएसपीचा दिवा सतत लागलेला असेल तर स्टिकर मिळत नाही, काम करून पुन्हा यावं लागतं. चाकोरीबाहेर यांची दीड वर्षाची सवय इथे चालली नसती. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. आपल्याकडे फिटनेसच्या वेळी हा दिवा कुणी बघत नाही, म्हणून लोकांना तो बिनमहत्त्वाचा वाटतो, एवढंच म्हणायचंय.

एक गोष्ट राहिली. पिवळ्या दोन दिव्यांबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर प्रकरण वेगळं. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही तेव्हा बंद पडलेली असू शकते, आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. किंवा ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं. अशा वेळी हळू बाजूला घ्यायची, ऑइल बघायचं, आणि शंका असेल तर गाडी उचलून न्यायची.

तिखटमीठ | ९ जुलै, रात्री ८.२०

मंडळी, मी ऑनलाइन सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला. मोबाइल म्हणतो "एकही दोष नाही". आणि समोर नागमोडी गाडी लागलेली! कुणावर विश्वास ठेवू?

वायरमन_जुना | ९ जुलै, रात्री ९.००

दिव्यावर ठेवा. ते स्वस्तातलं यंत्र मोबाइलवरच्या साध्या ॲपमधनं फक्त इंजिनला विचारतंय, म्हणजे पी वाले कोड. कायद्यानं सामाईक ठेवलंय ते धुराशी संबंधित तेवढंच. ब्रेकच्या मोड्यूलशी बोलायला त्या कंपनीची भाषा येणारा स्कॅनर पाहिजे. "दोष नाही" याचा अर्थ "मी ज्याला विचारलं त्याला दोष नाही".

दुसरं, यू चे कोड ढिगानं आले तर घाबरायचं नाही, आधी बॅटरी मोजायची. उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास, चालू गाडीत १३.८ ते १४.४ पाहिजे. मरायला टेकलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारला की व्होल्टेज एवढं खाली जातं की सगळी युनिटं एकमेकांच्या नावानं "हा बोलत नाही, तो बोलत नाही" करत बसतात. यू०१२१ म्हणजे एबीएस बोलत नाही, यू०१२६ म्हणजे स्टिअरिंगचा सेन्सर बोलत नाही. परवा एका गाडीत पाच यू कोड होते, बॅटरी बदलली, पाचही गेले.

आणि बाहेरनं म्युझिक सिस्टीम किंवा अलार्म बसवलेला असेल तर तिथं बघा. फॅक्टरीची वायर सोलून जोड मारलेला असतो. बॅटरी काढून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ओहम मोजायचं. बहुतेक गाड्यांत साठच्या आसपास येतं. १२० आलं तर सगळी युनिटं जिच्यावरनं बोलतात त्या लाइनीचं एक टोक तुटलंय.

मेघमल्हार३ | ९ जुलै, रात्री १०.३०

वायरमन दादांना +१. भर घालते. ईएसपीचा दिवा लागला म्हणजे दोष ईएसपीतच आहे असंही नाही. इंजिन मिसफायर करत असेल तर जोर कमी-जास्त करण्याचं काम भरवशाने होत नाही, म्हणून ईएसपी स्वतःहून बाजूला होते. चेक इंजिन आणि ईएसपी दोन्ही लागले असतील तर इंजिनचे कोड आधी वाचा. पी०५०४ आला तर ब्रेक पेडलवरचा स्विच बघा. दोन-चारशे रुपयांची वस्तू असते आणि तिच्यापायी लोक ब्रेकचं अख्खं युनिट उघडतात. एका चाकाला वेगळ्या मापाचं टायर किंवा छोटी स्टेपनी लावून लांब गेलात तरी हा दिवा लागू शकतो.

नवशिका_हात | १० जुलै, सकाळी ११.००

बेअरिंगचा मुद्दा कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. हल्ली बऱ्याच गाड्यांत दातांची रिंग नसते, बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकाच्या पट्ट्या असतात. दिसायला साधं काळं रबर. बेअरिंग उलटं दाबलं की चुंबकाची बाजू सेन्सरच्या विरुद्ध जाते. गाडी मस्त चालते, आवाज नाही, पण त्या चाकाचा वेग शून्य. माझ्या काकांच्या गाडीत असंच झालं. सेन्सर बदलला, वायरिंग बदललं, आणि शेवटी बेअरिंग काढून पलटी केल्यावर दिवा गेला. बाजू ओळखायला एक छोटं कार्ड मिळतं, बेअरिंगवर ठेवलं की त्यावर बारीक रेघा उमटतात. बेअरिंग बदलल्याबरोबर दिवा लागला असेल तर सगळ्यात आधी हे बघा.

सांजवारा | १५ जुलै, रात्री १०.१५

मंडळी, धागा वर काढतो. काम झालं! सविस्तर लिहितो, कारण इथल्या प्रत्येकाचं काही ना काही उपयोगी पडलं.

नवशिका_हात, बेअरिंग कधीच बदललेलं नव्हतं, पण तुमच्या "बदलल्याबरोबर" या शब्दावरून मी जुनी बिलं काढली. मे महिन्यात पुढचे दोन्ही शॉकअप बदलले होते. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, मला त्याचा संबंधच वाटला नव्हता.

सातपूरला एका ऑटो-इलेक्ट्रिशियन दादांकडे गेलो. वायरमन_जुना यांची पोस्ट त्यांना वाचून दाखवली. ते हसून म्हणाले, "हे लिहिणारा माणूस खाली वाकून काम करणारा आहे." लाइव्ह डेटा उघडून एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर वीसच्या वेगाने निघालो. वीस, वीस, वीस, वीस. उजवीकडे वळवलं, चारही आकडे जागेवर. डावीकडे पूर्ण वळवलं आणि पुढच्या उजव्याचा आकडा शून्य. सरळ केलं, पुन्हा वीस. तीनदा करून बघितलं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग चाक काढलं. कप्लरला सप्लाय ११.८ व्होल्ट. म्हणजे ज्या मोड्यूलचे ५८ हजार मागितले होते ते ठणठणीत होतं. सेन्सरची वायर शॉकअपवरच्या एका क्लिपमध्ये बसायला हवी. ती क्लिप जागेवरच नव्हती. शॉकअप बदलताना तुटली असणार, आणि तिच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी करकचून आवळली होती. डावीकडे वळवलं की वायर नेमकी त्या पट्टीपाशी ताणायची. वरचं रबर अखंड. दादांनी तिथे बोटांनी दाबून दाखवलं, आतली तार तुटलेली हाताला लागत होती.

जोड मारू नका असं त्यांनीच सांगितलं, कारण चाकाबरोबर हलणारी वायर जोडाच्या शेजारी पुन्हा तुटते. वायरसकट नवा सेन्सर लावला.

तरीही दिवा गेला नाही. माझ्या पोटात गोळा आला. स्कॅन केलं तर सी००४० गेला होता आणि सी००५१-५४ तसाच. मेघमल्हार ताई म्हणाल्या होत्या तोच उपचाराचा कोड. सपाट जागेवर चाकं सरळ करून स्कॅनरमधून स्टिअरिंगचा शून्य शिकवला. इग्निशन बंद-चालू. दिवा नेहमीसारखा दोन-तीन सेकंद लागला आणि गेला.

खर्च: सेन्सर २,३५०, क्लिप ३०, मजुरी ६००, कॅलिब्रेशन ५००. एकूण ३,४८० रुपये.

काल आईला सप्तशृंगीला नेऊन आणलं. नांदुरीच्या घाटात पाऊस होता. दिवा लागला नाही.

घाटमाथा | १५ जुलै, रात्री १०.४०

वाह! आईंना नमस्कार सांगा.

वायरमन_जुना | १५ जुलै, रात्री ११.०५

सातपूरच्या दादांना माझा रामराम. जोड मारला नाही यातच माणूस कळला.

एक सांगतो. शॉकअप, बेअरिंग, ब्रेक पॅड, चाकाजवळचं कुठलंही काम झालं की गाडी ताब्यात घ्यायच्या आधी स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून खाली वाकून बघा. वायर कुठं ताणतेय का, टायरला घासतेय का. एक मिनिट लागतं.

राईनकाठ | १६ जुलै, दुपारी १.३०

आणि अलाइनमेंट केल्यावर स्टिअरिंग वाकडं राहिलं असेल तर ते तसंच चालवू नका. गाडी सरळ चाललेली असताना सेन्सर "वळलोय" म्हणत असेल तर ईएसपी गोंधळते. काही गाड्या दोन्ही टोकांपर्यंत स्टिअरिंग फिरवून थोडं सरळ चालवलं की शून्य स्वतः शिकतात, काहींना स्कॅनरच लागतो.

तिखटमीठ | १६ जुलै, रात्री ९.००

कोड सुटला, कोडंही सुटलं! माझ्याही गाडीचे शॉकअप मार्चमध्ये बदललेत. आत्ता टॉर्च घेऊन खाली वाकून आलो. क्लिप आहे, वायर मोकळी आहे. माझा दिवा दुसऱ्या कशाने तरी लागतोय. शनिवारी नीट स्कॅन करून कोड इथेच टाकतो, डॅशनंतरच्या आकड्यांसकट.

चाकोरीबाहेर | १९ जुलै, सायंकाळी ६.४५

आंबोलीची पोस्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नव्हतं. आज सांगलीत स्कॅन करून घेतलं. सी००४५-१२ आणि यू०१२६. मागचं डावं चाक हे मला आता वाचता येतं. दीड वर्षात बॅटरी बदललेली नाही. सुरुवात कुठून करू? आणि कोड पुसून विकायचं जे मी लिहिलं होतं ते मागे घेतो.

वायरमन_जुना | १९ जुलै, रात्री ८.१०

आधी बॅटरी मोजा, मग कोड पुसून दोन दिवस चालवा आणि काय परत येतंय ते बघा. यू०१२६ बॅटरीबरोबर जाईल असं वाटतंय. १२ नंबर राहिला तर मागच्या चाकाकडं जाणारी वायर कुठंतरी सोललेली आहे आणि शेजारच्या पॉझिटिव्हला टेकतेय. मागं टो-हूक किंवा जादा लाइट बसवलेत का? बसवले असतील तर तिथला जोड पहिल्यांदा उघडा. नाही सापडलं तर रविवार सोडून कधीही उद्यमनगरला या, सकाळी नऊच्या आत. सावलीत गाडी घेऊन निवांत शोधू.